धाकट्या परकरात, थोरल्या लुगड्यात

प्रवासाहून परत आलं की शेजारीपाजारी विचारतात, हवा कशी होती, पाणी मानवलं का, देवदर्शन नीट झालं का. हवा उत्तम होती, पाणी मानवलं, देवही सगळे जागच्या जागी होते. तरीसुद्धा मी संतापून परत आले आहे आणि आल्यापासून तो संताप भांड्यांवर निघतो आहे. शेवटी हेच म्हणाले, "आपटून काय होणार? लिहून काढ एकदाचं, म्हणजे घरातलं पितळ तरी वाचेल." 'हे' म्हणजे आमचे यजमान. स्वभावाने थंड, लेण्यांचा आणि शिलालेखांचा नाद, आणि माझ्या प्रत्येक भांडणात "जाऊ दे" एवढे दोनच शब्द बोलणार.

मी पुण्यात मुलींच्या शाळेत शिकवते. घोडेगावचे केसरचंदशेठ हिरड्याचे व्यापारी. त्यांची भाची माझ्या वर्गात आहे. घराणं मूळचं मारवाडातलं, पण आता इतकं मराठी झालेलं की शेठ भांडतात तेसुद्धा मराठीत. दसरा झाला की ते महादेवाच्या देवळापुढे दरवर्षी बायकामुलींच्या फुगड्यांची चढाओढ लावतात. गेल्या वर्षी निकालावरून बायकांची वेण्या ओढण्यापर्यंत मजल गेली. म्हणून यंदा शेठनी निरोप पाठवला की पुण्याची कुणी तरी तिऱ्हाईत, शिकलेली बाई निवाड्याला हवी, तुम्हीच या. यांनी नकाशा काढला आणि म्हणाले, "वाटेत जुन्नर आहे!" वाट चांगलीच वाकडी होत होती, पण अशी आमची निघायची तयारी झाली.

टांग्याचे हाल सांगत बसत नाही. ज्याला ते जाणून घ्यायचे असतील त्याने पुण्याहून नारायणगावापर्यंत टांग्यात बसावं.

लेण्याद्री

जुन्नरला यांच्या एका जुन्या मित्राकडे मुक्काम केला आणि सकाळी छकड्यातून लेण्याद्रीला निघालो. कुकडीला अजून बरंच पाणी होतं, बैलांनी ते नाक वर करून पार केलं. दोन्ही बाजूंना कापून पडलेली बाजरी, नुकती पेरलेली ज्वारी आणि समोर डोंगराच्या कपाळावर ओळीने काळी भोकं. पायऱ्या मात्र कुणा उंच पुरुषाने आपल्याच पायाच्या मापाने खोदल्या असाव्यात. नऊवारी सावरत त्या चढताना मी त्या पुरुषाला पुष्कळ बोलून घेतलं.

गिरिजात्मजाचं दर्शन झालं. हे लगेच भिंती चाचपायला लागले. पलीकडच्या लेण्याच्या ओसरीवर एक मडम गुडघ्यावर फळी घेऊन खांबाचं चित्र काढीत बसली होती. तिनेच आधी हात जोडले. मराठी बोलत होती, पण ती मराठी कुठल्या तरी जाड पुस्तकातून शिकलेली.

"भगिनी, आपण पूजेस्तव आलात काय?"

मी म्हटलं, पूजा झाली, आता फुगड्यांचा निवाडा करायला घोडेगावला चालले आहे. फुगडी म्हणजे काय ते तिला कळेना. सांगून कळेना म्हणून मी उठले, तिचे हात धरले, पाय जुळवून मागे रेलायला लावलं आणि गिरकी घेतली. ओसरी गुळगुळीत होती. माझं वय, माझी नोकरी आणि जागेचं पावित्र्य तिन्ही बाजूला ठेवून आम्ही दोघी चांगल्या गरागरा फिरलो. यांना नेमका त्याच वेळी लांबच्या कोपऱ्यात एक शिलालेख दिसला.

धापा टाकत खाली बसल्यावर ती म्हणाली, "आमच्या देशी असे आहे. शीतकाळी जल गोठते. मग पादत्राणांस लोखंडाचे पाते बांधून त्यावर लोक गिरक्या घेतात. त्याची स्पर्धाही होते."

"बायका घेतात?"

"ऐका तर. ती स्पर्धा पुरुषांचीच असे. परंतु स्त्री नको असे कोणी लिहिलेच नव्हते, कारण कोणास सुचलेच नव्हते. मग एक स्त्री उतरली. सर्व पुरुषांत दुसरी आली."

"वा! मग?"

"मग लिहिले," मडम म्हणाली.

कारण काय दिलं, तर म्हणे बायकांचा घागरा लांब असतो, त्यात पावलं दिसत नाहीत, मग गुण कसे द्यायचे? त्या बाईने घागरा आखूड शिवून घेतला. तेव्हा पंचांना दुसरी कारणं सुचली आणि काही काळाने बायकांचा गट वेगळा काढण्यात आला. मी मास्तरीण, म्हणून पुढचं विचारलंच, त्या गटात लहान मुलींचा निराळा वर्ग असतो की नाही? ती म्हणाली, "नाही. स्त्री ती स्त्री. वय कोणी पुसत नाही. शाळेतील कन्या आणि लेकुरवाळी माता एकाच गटात फिरतात."

उतरताना मी सगळ्या पायऱ्या धुसफुसत उतरले. पुरुषांच्यात बाई नको हे ठरवायला पंचांना घागऱ्याची लांबी मोजता येते, पण पोरीचं वय मोजता येत नाही! हे म्हणाले, "बर्फ तिकडे, तू इकडे. संतापतेस कशाला? जाऊ दे." मी ते जाऊ दिलं नाही.

ओझर

ओझरच्या विघ्नहराचं दर्शन घेऊन बाहेर पडतो तोच आमच्या छकड्याचं चाक निखळलं. विघ्नहराच्या दारातच विघ्न, म्हणून हे हसायला लागले. मला हसू येईना. देवळातून आलेला एक पिकल्या मिशांचा शेतकरी थांबला, त्याने चाक पाहिलं, खांद्यावरचं घोंगडं खाली टाकलं आणि कुणी काही म्हणायच्या आत कामाला लागला. नाव म्हादबा. चाक बसवून झाल्यावर म्हणाला, "पावणं, उन्हाचं कुठं जाताय? घर हितंच हाय. दोन घास खावा आन मग जावा."

आम्ही कुणाच्या घरी जेवलो हे पुण्यात आमच्या आळीत कळू नये, अशी यांची इच्छा आहे. म्हणून मी ते इथे छापून टाकते. म्हादबाच्या घरी जेवलो. बाजरीची भाकरी, तिखटजाळ रस्सा आणि मासवडी. मासवडी हे नाव ऐकताच यांचा हात ताटातच थांबला. म्हादबा इतका हसला की त्याला ठसका लागला. "मासा न्हाई, राव! बेसनाची वडी हाय ती. आत तीळ-खोबरं. माशावानी दिसती म्हनून मासवडी." नावावरून माणूस कसा फसतो ते मी पाहिलं. हे त्यानंतर तीन वड्या खाऊन डोळ्यांतून पाणी काढत बसले.

म्हादबाची बायको वाढताना एक हात सारखा कमरेवर ठेवी. वाकता येत नव्हतं. दळण, पाणी, गोठा, सगळं त्या कमरेवर. म्हादबा म्हणाला, "आता सून आली की हिची सुटका. आमी बी घोडेगावालाच निघालोय. सून तितं फुगडी खेळनार हाय म्हनं. बघून येऊ किती वाढलीय."

"सून नांदायला आली नाही अजून?" मी विचारलं.

"न्हाई ना! शिनोलीची पोर. लगीन झालं तवा मामाच्या कडेवर व्हती. बोली अशी झाली, लुगडं नेसली की धाडायची. तिचा बा म्हनतोय, अजून परकरात हाय."

"वय काय तिचं?"

"वय कोन मोजतंय, बाई? आईच्या खांद्याला लागलीय, असं कानावर हाय. लई दांडगी फुगडी खेळती म्हंत्यात. म्हंजी अंगात ताकद हाय." तो खुशीत होता. जाताना त्याने आमच्या छकड्यात सीताफळं भरली.

ज्याच्या घरी जेवलो त्याच्यावर रागावता येत नाही, ही फार मोठी अडचण आहे. मी वाटेत सीताफळाच्या बिया जोरजोरात थुंकल्या.

घोडेगाव

केसरचंदशेठचं घर म्हणजे पुढे वखार आणि मागे माणसं. पोत्यापोत्यांनी हिरडा भरलेला, त्यामुळे सगळ्या घराला तुरट वास. शेठाणींचा नियम असा की दिवेलागणीच्या आत जेवणं उरकायची. पुण्यात यांना रात्री नऊच्या आधी भूक लागत नाही. इथे सूर्य कलल्याबरोबर बेसनाच्या गट्ट्यांची भाजी समोर आली, तेव्हा हे मुकाट्याने जेवले आणि मग अंथरुणावर पडून उपाशी माणसासारखे उसासे टाकत राहिले. शेठची मुलगी रतन सणासाठी माहेरी आली होती. पंधरा वर्षांची, धिप्पाड, हसरी पोर. सासर अहमदनगरला. दोन्ही हातांत कोपरापर्यंत चुडा आणि पायघोळ घागरा. तिच्या घरात आजीपासून नातीपर्यंत सगळ्या घागराच नेसतात.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर देवळापुढचं अंगण भरून गेलं. बायका एका अंगाला, पुरुष लांब उंबराखाली. मला एक खुर्ची दिली होती. शेजारी पंच म्हणून तात्या बसले. तात्या म्हणजे गावचे कुलकर्णी. त्यांच्या अंगात पगडीपासून पायतणापर्यंत नियम भरलेले. त्यांनी उठून खणखणीत आवाजात सांगितलं, "धाकट्यांचा गट आणि थोरल्यांचा गट. धाकट्या परकरात, थोरल्या लुगड्यात. धाकट्यांत जिंकेल तिला खणाचा परकर, थोरल्यांत जिंकेल तिला इरकली लुगडं. जिला जे मिळेल ते इथेच नेसवून वाजंत्री लावून देवाला नेणार."

धाकट्यांच्या रांगेत एक शेलाटी, उन्हाने रापलेली पोर पहिल्यापासून टाचा उचलून उभी होती. विटका परकर, गळ्यात काळी पोत. शेजारची बाई म्हणाली, शिनोलीची सगुणा, हिच्यासारखी फुगडी चार गावांत नाही. उंबराखाली पाहिलं तर म्हादबा मान उंच करून तिच्याकडेच बघत होता आणि बायकांच्या बाजूला त्याची बायको कमरेवर हात ठेवून उभी होती.

तात्या रांगेतून फिरले आणि सगुणापुढे थांबले. "गळ्यात पोत? तू लग्नाची. तू धाकटी कशी? थोरल्यांत जा. लुगडं नेसून ये, नाही तर घरी जा."

मी म्हटलं, "तात्या, ती परकरात आहे. नियम तुमचाच आहे."

"लग्नाची बाई परकरात राहिली म्हणून धाकटी होत नाही."

"मग रतन?" रांगेच्या शेवटी रतन उभी होती, सगळ्या पोरींपेक्षा डोक्याने उंच. "तिच्या हातातला चुडा दिसत नाही का तुम्हाला? ती तर सासरहून आलीय."

"ती परकरात आहे."

"तो घागरा आहे!"

"घागरा काय आणि परकर काय, बाई, वस्त्र एकच," तात्या म्हणाले. "नियमात बसतं ते."

आता सांगा, या माणसाला काय म्हणावं? एका पोरीचं वस्त्र पाहायचं आणि चुडा पाहायचा नाही, दुसरीचा गळा पाहायचा आणि वस्त्र पाहायचं नाही. शेठ बिचारे कानकोंडे झाले. पुढे येऊन म्हणाले, "तात्या, रतनला थोरल्यांत घाला. मला चालेल." तात्यांनी हात वर केला. "नियम म्हणजे नियम, शेठ. तुमची मुलगी म्हणून मी तो मोडणार नाही." खुशामत करायची आणि तीही निःस्पृहपणाचा आव आणून, ही विद्या मी शाळेच्या कमिटीत पुष्कळ पाहिली आहे. पण इतकी सफाईदार नाही.

मी म्हटलं, "वयाने लावा गट. सोपं आहे."

"वय कुणाला माहीत?"

सगुणाची आई पारूबाई गर्दीतून पुढे आली. पदराचं टोक दातांत धरून बोलत होती. "म्या सांगते, बाई. गावात पयला पिलेग आला, आमी समदी रानात झोपड्या टाकून ऱ्हायलो, तवा झाली ही. झोपडीतच."

"घ्या," मी तात्यांना म्हटलं. "पहिल्या प्लेगाला अकरा वर्षं होत आली. म्हणजे अकरावं सरतंय."

"प्लेग दोनतीनदा आला," तात्या म्हणाले. "कोणता प्लेग?"

"आईने पहिला म्हटलं ना?"

"तिला काय कळतंय पहिला-दुसरा?"

मी खुर्चीवरून उठले. म्हटलं, मी हा निवाडा करीत नाही, तुमचा नियम आणि तुमच्या पगड्या तुम्हालाच लखलाभ. हे उंबराखालून ओठ हलवत होते, 'जाऊ दे'. पण पारूबाईने माझा हात धरला. हळू आवाजात म्हणाली, "तुमी उठला तर निवाडा ह्यो करनार. आन ह्यानं लुगडं नेसवलं तर तितं उंबराखाली इवाही बसलाय, बाई. बोली लुगड्याची हाय. आज समद्यांम्होरं नेसली की उद्या धाडावीच लागंल. म्या तिला म्हनतीय घरी चल, तर आयकत न्हाई."

तेव्हा मला सगळं लख्ख दिसलं. इथे खेळाचे गट लावत नव्हते. एका पोरीचं बालपण संपलं की नाही, हे तात्या देवळापुढे, वाजंत्री लावून ठरवत होते, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. मी खाली बसले. 

आणि सगुणा? तिने कुणा बाईचं लुगडं मागून आणलंसुद्धा होतं. देवळाच्या मागे तिची चुलती तिला ते नेसवत होती, म्हणून मी पारूबाईबरोबर तिथे गेले. पोर कासोटा घालू देईना. लुगडं नुसतंच परकरावरून गुंडाळायला लावत होती. आईला म्हणाली, "खाली परकर हाय की माजा. मग काय नेसले असं व्हतंय व्हय?" मी तोंडाला पदर लावला. हसावं की रडावं कळेना. असा युक्तिवाद तात्यांना शंभर वर्षांत सुचला नसता.

धाकट्यांचा खेळ आधी झाला. रतन जिंकली, दुसरं काय होणार होतं? तिला खणाचा परकर दिला तेव्हा ती लाजून लाल झाली होती. पंधरा वर्षांच्या बाईला तो धड घोट्यापर्यंतही आला नसता.

मग थोरल्यांचा. सगुणा आणि तिची चुलती अशी जोडी. आधी साधी फुगडी, मग एकहाती, मग उकिडवं बसून घालायची बसफुगडी, जिच्यात चांगल्या चांगल्या बायका पाठीवर पडतात. एकेक जोडी हसत, कण्हत बाद होत गेली. शेवटी दोन जोड्या उरल्या आणि तात्यांनी मोठी फुगडी सांगितली, जी जोडी आधी सुटेल ती हरली.

मी आयुष्यात पुष्कळ फुगड्या पाहिल्या आणि घातल्याही, पण अशी पाहिली नाही. पोर जमिनीला टेकलेलीच वाटत नव्हती. पाय एका जागी, अंग पार मागे झोकलेलं, वेणी आडवी उडतेय, आणि चेहऱ्यावर कसलं तरी फार मोठं सुख. कुणाकडे बघत नव्हती, सासऱ्याकडे नाही, आईकडे नाही. बायकांनी फू बाई फूचा ठेका धरला होता तो वेगाबरोबर तुटून गेला, नुसत्या टाळ्या राहिल्या. मी निवाडा करायचं विसरून उभी राहिले.

आणि लुगडं सुटलं. आधी खांद्यावरून, मग कमरेवरून, वेढ्यावेढ्याने ते बाहेर फेकलं जायला लागलं. पोर थांबली नाही. सगळं लुगडं सुटून दुसऱ्या जोडीच्या पायांत गेलं, त्या दोघी त्यात गुरफटून आपटल्या, आणि सगुणा मात्र विटक्या परकरात तशीच फिरत राहिली. दुसरी जोडी पडल्याचं कुणी तरी ओरडून सांगितलं तेव्हा कुठे ती सुटली आणि झोकांड्या खात देवळाच्या ओट्याला धरून उभी राहिली.

"जिंकली!" तात्या ओरडले. "आणा ते इरकल! नेसवा!"

उंबराखाली म्हादबा उठून उभा राहिला होता. "सून हाय माजी!" तो आजूबाजूच्यांना सांगत होता. "नेसवा, नेसवा! दिवाळी झाली की घिऊन जातो." त्याची बायको पुढे आली आणि तिने इरकलीची घडी स्वतःच्या हातात घेतली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती वाईट बाई नव्हती. तिची कंबर दुखत होती, एवढंच.

पारूबाई माझ्याकडे बघत होती. 

मी म्हटलं, "थांबा. निवाडा माझा आहे." मी तात्यांकडे वळले. "तात्या, थोरल्यांच्या गटाचा नियम काय?"

"लुगडं."

"ही कशात आहे?"

तात्यांनी पाहिलं. "पण तिने लुगडं नेसलं होतं ना, बाई! सगळ्यांनी पाहिलं."

"नेसलं नव्हतं. गुंडाळलं होतं. परकरावर गुंडाळलेल्याला नेसणं म्हणतात का तुमच्या घरी? विचारा कुणाही बाईला." बायका खिदळल्या. "ते लुगडं तिकडे धुळीत पडलंय. खेळ पुरा झाला तो परकरात. नियम म्हणजे नियम. ही बाद आहे."

तात्यांनी धुळीतल्या लुगड्याकडे पाहिलं. मला त्यांना तेवढ्यावर सोडायचं नव्हतं. "बाद का, ते तुम्हीच सांगा लोकांना. पंच तुम्ही आहात. ही धाकटी की थोरली?"

म्हादबाही पुढे आला होता. "व्हय, तात्या. सून माजी थोरली का धाकटी? पंचांनी सांगावं."

आपल्याच नियमात माणूस अडकला की कसा दिसतो ते पाहायचं असेल तर त्या वेळचे तात्या पाहायला हवे होते. त्यांनी पगडी सरळ केली, माझ्याकडे खाऊ की गिळू असं पाहिलं आणि म्हणाले, "धाकटी."

"असं म्हंता," म्हादबा म्हणाला. त्याने बायकोच्या हातातली घडी काढून तात्यांना दिली. मग पारूबाईला म्हणाला, "पंच म्हनत्यात तर म्हनत्यात. म्होरल्या साली बघू, इहीनबाई." आणि बायकोला हाताने आधार देत गर्दीतून निघाला. मला त्या म्हातारीचं वाईट वाटलं, आणि कुणाचंही वाईट वाटल्याशिवाय एक पोर वाचवता येऊ नये याचा तर फारच राग आला.

पण खरी गोष्ट पुढे आहे. सगुणाची भोवळ उतरली होती. तिला वाजंत्री ऐकू आली आणि ती पुढे सरसावली, तर इरकली दुसऱ्याच बाईला नेसवीत होते. तिने चुलतीला विचारलं. चुलतीने माझ्याकडे बोट केलं.

ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "म्या सुटले नव्हते," ती म्हणाली. "त्या पडल्या. म्या न्हाई पडले."

"नाही पडलीस, बाळ. पण..."

"मग म्या जितले."

काय सांगणार होते मी तिला? आजूबाजूला सगळं गाव उभं होतं. मी म्हटलं, "नियमात नाही बसलं."

रतन धावत आली. आपला खणाचा परकर तिने सगुणापुढे धरला. "हा तू घे. तुझाच आहे." सगुणाने हात मागे बांधले. "दुसऱ्याचा नगं मला," ती म्हणाली आणि मग तिने भोकाड पसरलं. चारचौघांत, लाज सोडून, नाक वाहेपर्यंत रडली. रडता रडता म्हणाली, "पुन्याची बाई खोटारडी हाय!" पारूबाईने तिला दंडाला धरून ओढत नेलं. इतकी सुंदर फुगडी मी पाहिली आणि ती माझ्याच तोंडाने बाद केली. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा करीन. पण मला ती बाद करायला लागावी असे गट ज्यांनी पाडले, त्यांच्यावरचा माझा राग हिरडा खाऊनही पचणारा नाही.

शेठ संध्याकाळी जेवताना म्हणाले, पुढच्या वर्षी वयाने गट लावू. मी म्हटलं, आधी तात्यांना पहिला प्लेग कोणता ते शिकवा.

शिनोली

यांना भीमाशंकर पाहायचं होतं, म्हणून सकाळी निघालो. शिनोली वाटेवरच आहे. भात पिवळा व्हायला लागलेला, बांधावर पाणी, आणि डोंगर इतके जवळ आलेले की गाव त्यांच्या पायाशी बसल्यासारखं वाटतं. हे म्हणाले, "थांबायचं का?" एरवी "जाऊ दे" म्हणणारा माणूस थांबायला विचारतो तेव्हा त्यालाही काही तरी लागलेलं असतं.

पारूबाईच्या अंगणात सगुणा आणि तिच्याएवढीच एक मैत्रीण फुगडी घालत होत्या. त्याच विटक्या परकरात. मी छकड्यातून उतरले तशी सगुणा थांबली. मैत्रिणीचे हात सोडले. मी म्हटलं, "घाल ना. मी बघते."

"तुमास्नी न्हाई दावनार," ती म्हणाली. मैत्रिणीला ओढत घरात गेली आणि दार आपटलं. आतून कडी घातल्याचाही आवाज आला.

पारूबाई गोठ्यातून धावत आली. शेणाचे हात पदराला पुसत होती. तिचा चेहरा शरमेने काळवंडला होता. शेजारच्या ओट्यावर दोनतीन म्हातारे बसले होते आणि पलीकडे बायका पाण्याला निघाल्या होत्या. ती माझ्याजवळ येऊन अगदी हळू बोलली, "राग धरू नगा, बाई. तिला काय समजतंय? ल्हान हाय ओ ती."

"मोठ्याने म्हणा," मी म्हटलं.

"काय?"

"आत्ता म्हणालात ते. सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणा."

पारूबाईने म्हाताऱ्यांकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं. मग कमरेवर हात ठेवून, साऱ्या शिनोलीशी भांडायला निघाल्यासारखी ती ओरडली, "ल्हान हाय माजी पोर! ल्हान हाय अजून!"